पूर्वीचा आजार : निरंक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत ज्येष्ठ नागरिक कट्ट्यातर्फे आपल्या सभागृहात दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरले आहे. बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)

सभासद बंधू-भगिनींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या तरुण मंडळींनो, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, या पुढे.

कमिटीने मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक' यावर बोलेन. या विषयावर मी याच हॉलमध्ये आजवर चार वेळा बोललो आहे. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी दुसऱ्याच आठवड्यात दुप्पट व्याजाच्या स्कीममध्ये पैसे घातले, त्यामुळे तो विषय मी सोडला. आज मी बाळंतपणावर बोलणार आहे. हसू नका. पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्याला बाळंतपणातलं काय कळतं, हे आमच्या घरातही विचारून झालं आहे. खरं तर काही कळत नव्हतं, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

आधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे. वैद्यकीय म्हणून जे सांगेन ते बी विंगमधल्या आपल्या डॉक्टर ताईंनी वाचून, दोन ठिकाणी लाल शाईने दुरुस्त करून दिलेलं आहे. आणि घरचं म्हणून जे सांगेन ते माझ्या पत्नीच्या परवानगीने. ती दुसऱ्या रांगेत बसली आहे. चुकलो तर ती बसल्या जागेवरून सांगेल, तिला सवय आहे.

१९७९ साल. मी तेव्हा परभणीच्या शाखेत होतो. लग्नाला दीड वर्ष झालेलं. पत्नी पहिलटकरीण, म्हणून रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात माहेरी, सांगलीला गेली. तिच्या पायांवर सूज होती. सगळ्यांनी सांगितलं, पहिल्या खेपेला येतेच. मग तोंडावरही सूज आली, बांगड्या हातातून निघेनात, डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. तेव्हा कुठे तिला दवाखान्यात नेलं. मला हे सगळं पुष्कळ नंतर कळलं. परभणीला मला मिळाली ती तार, आणि तिच्यात मजकूर होता : 'बेबी गर्ल. बोथ सेफ.'

दिवस भरायच्या दीड महिना आधी मुलगी झाली होती. वजन दीड किलोच्या आसपास. एसटीने गाड्या बदलत मी सांगलीला पोहोचलो तेव्हा सासूबाई मुलीला कापसात गुंडाळून बसल्या होत्या आणि घरातलं प्रत्येक माणूस त्या इवल्याशा जिवाकडे बघत होतं. बायको आतल्या खोलीत अळणी भात खात होती. बाळंतिणीला अळणी का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ब्लडप्रेशर वाढलं होतं, आता उतरलंय." उतरलंय म्हटल्यावर मी तो विषय संपवला. 'बोथ सेफ' या दोन शब्दांवर मी खातं बंद केलं.

त्यानंतर तेहतीस वर्षं आमच्या घरात कुणीही त्या ब्लडप्रेशरचा उल्लेख केला नाही. मधल्या काळात माझ्या सात बदल्या झाल्या. प्रत्येक गावी नवा डॉक्टर, नवी शाळा, नवा गॅस नंबर. बँकेत कुटुंबीयांच्या वैद्यकीय माहितीचा एक फॉर्म भरावा लागे. तो अर्थातच मी भरायचो, कारण घरातले सगळे फॉर्म मीच भरायचो. 'पत्नीचा पूर्वीचा आजार' या रकान्यापुढे मी सुवाच्य अक्षरात लिहायचो, 'निरंक'. ज्यांना सरकारी-बँकेची भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, निरंक म्हणजे काही नाही, शून्य. खाली तिची सही. ती न वाचता सही करायची, कारण भरणारा नवरा बँकेत ऑफिसर.

२०१२ साली, गणपतीच्या आदल्या दिवशी, ही मोदकांचं सारण करत होती. जबडा दुखतोय म्हणाली. मग पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधे. घाम आला, मळमळायला लागलं. दाढ असेल, मग पित्त असेल, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. पित्ताची गोळी घेऊन तिने उकड काढली. एकवीस मोदक पुरे केले. हो, मोजून एकवीस. रात्री जिना चढताना धाप लागली तेव्हा शेजारच्यांनी आमचं ऐकलं नाही आणि गाडी काढली. ईसीजीत हार्ट अ‍ॅटॅक निघाला. वय छप्पन्न. तंबाखू नाही, वजन बेताचं, माहेरी कुणाला हृदयाचा त्रास नाही. पण दाखल करताना बीपी मोजलं ते भलतंच निघालं, आणि किती वर्षं तसं होतं हे कुणालाच सांगता येईना. मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, स्टेंट घातल्यावर, एक तरुण डॉक्टरीणबाई माहिती घ्यायला आल्या. पूर्वी काही आजार? मी सवयीने म्हणालो, "काही नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काकू, बाळंतपणात कधी बीपी वाढलं होतं? साखर? बाळ लवकर झालं होतं?" आणि ही पडल्या पडल्या म्हणाली, "हो की. पहिल्या वेळी. महिनाभर अळणी जेवण दिलं होतं मला. थोरली साडेसात महिन्यांची आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. हेच मला आजही टोचतं. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती.

आता यातलं शास्त्र, मला समजलं तेवढं. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं. ते सगळं फिरवायचं काम त्याच हृदयाला करायचं असतं. ताकद तपासायला डॉक्टर आपल्याला ट्रेडमिलवर चालवतात ना, तशी ही नऊ महिन्यांची ट्रेडमिल आहे. बहुतेक जणी ती पार करतात. काहींच्या बाबतीत वारेच्या रक्तवाहिन्या सुरुवातीला नीट रुंदावत नाहीत, वारेला पुरेसं रक्त मिळत नाही, आणि तिथून काही पदार्थ आईच्या रक्तात उतरून तिच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर जातं, लघवीतून प्रथिनं जायला लागतात, कधी मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांनाही त्रास होतो. याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. झटके आले तर एक्लॅम्प्सिया, आणि त्यात आई जाऊ शकते, बाळही.

यावरचा खरा उपाय एकच, बाळंतपण. वार पडली की बहुतेक वेळा काही दिवसांत, काही आठवड्यांत बीपी उतरतं. त्यामुळे कित्येक वर्षं डॉक्टरांचीही समजूत अशीच होती की वार पडली, आजार गेला. आमच्या घरातल्या मंडळींना दोष देण्यात म्हणून काही अर्थ नाही. १९७९ साली डॉक्टरांनी जे सांगितलं ते त्या काळाला धरूनच होतं. (जाता जाता, ते अळणी जेवणही आता कुणी देत नाही. त्याने हा आजार टळतही नाही आणि बराही होत नाही. ही एक दुरुस्ती लाल शाईची.)

पण ज्यांनी या बायकांचा पुढे दहा-पंधरा वर्षं माग काढला, त्यांना वेगळं दिसलं. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००७ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. सुमारे ३५ लाख स्त्रिया, त्यांपैकी जवळपास दोन लाखांना प्रीएक्लॅम्प्सिया झालेला. या दोन लाख जणींना पुढे कायमचं बीपी जडण्याचा धोका इतर बायकांच्या साडेतीन पटींहून अधिक. हृदयविकाराचा दुप्पट. पक्षाघाताचाही जवळपास दुप्पट. दिवस भरण्याच्या बरंच आधी बाळंतपण करावं लागलं असेल, म्हणजे आमच्यासारखं, तर धोका आणखी वर. २०११ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्त्रियांच्या हृदयविकाराच्या धोक्याच्या यादीत गरोदरपणातलं बीपी आणि गरोदरपणातला मधुमेह यांची नोंद केली. म्हणजे आमच्या घरी ही वेळ आली त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न विचारला तो त्यामुळेच असावा.

इथे आकड्यांची सवय असलेला माणूस म्हणून एक सांगू द्या. 'दुप्पट' या शब्दाला घाबरून जाऊ नका. कशाच्या दुप्पट, हे आधी बघायचं. तिशीतल्या बाईला हृदयविकाराचा धोका मुळात फार थोडा असतो. थोड्याच्या दुप्पट म्हणजे थोडाच. पण वय वाढतं, पाळी जाते, मुळातला धोका मोठा होत जातो, आणि मग दुप्पट या शब्दाला वजन येतं. आपल्या भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांच्या आधीच गाठतो, म्हणजे तेवढा अवधीही आपल्याला कमी. बँकेतल्या जुन्या मंडळींना एका शब्दात कळेल : कॉन्टिन्जंट लायबिलिटी. आपण कुणाला बँक गॅरंटी दिली तर आज ते कर्ज नसतं. पैसे गेलेले नसतात, कदाचित कधीच जाणारही नाहीत. पण म्हणून कुणी ती नोंद खोडत नाही. तिचं वेगळं रजिस्टर असतं आणि ते ऑडिटर दरवर्षी उघडून बघतो. मी आयुष्यभर असली रजिस्टरं सांभाळली आणि घरातलं हे एक उघडलंच नाही.

गरोदरपणाने ही इजा केली, की मुळातलीच कमजोरी गरोदरपणात उघडी पडली, हे मी त्या डॉक्टरांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बहुधा दोन्ही. आपल्या दृष्टीने फरक पडत नाही. करायचं तेच आहे.

साखरेचंही तसंच. गरोदरपणात साखर वाढते, बाळंतपणानंतर उतरते, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. 'लॅन्सेट'मध्ये २००९ साली आलेल्या आढाव्यानुसार अशा बायकांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सात पट. इथे माझी दुसरी कबुली. तीच दीड किलोची मुलगी २००८ साली बाळंतपणाला आमच्याकडे, याच सोसायटीत, आली होती. सातव्या महिन्यात तिची साखर वाढली. पथ्याने आटोक्यात राहिली. डिस्चार्ज देताना कागदावर स्पष्ट लिहिलं होतं : सहा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन पुन्हा तपासणी. सहाव्या आठवड्यात काय असतं तुम्हाला ठाऊक आहे. बाळाची लस असते, जागरणं असतात, सासरी परत जायची तयारी असते. लस चुकली नाही. तपासणी राहिली. आम्ही मात्र तिला डिंकाचे लाडू डबा भरून बांधून दिले.

२०१२ साली आई आयसीयूत असताना तिने तो कागद स्वतःच शोधून काढला आणि तपासणी केली. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. वय तेहतीस. तेव्हापासून ती रोज चालते, दरवर्षी तपासते, आणि अजून उंबरठा ओलांडलेला नाही. तिच्या आईला जे तेहतीस वर्षांनी कळलं ते तिला चार वर्षांनी कळलं, एवढाच काय तो फायदा. पण तो लहान नाही.

अपुऱ्या वजनाच्या बाळांचं पुढे काय होतं, यावर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये अभ्यास करत आले आहेत. तो मोठा विषय आहे, पण तो बाळाच्या बाजूचा हिशेब. मी आज आईच्या बाजूचाच मांडतोय, कारण ती बाजू कुणी मांडत नाही.

का मांडत नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. रीत चांगली आहे, लेकीला विसावा मिळतो. पण कागद माहेरी राहतात. सासरी येतो बाळंतविडा, झबली-टोपडी आणि बाळ. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांकडे बाई सहा आठवड्यांनंतर जात नाही. आणि पुढे पन्नाशीत ज्या फिजिशियनकडे जाते त्याला बाळंतपणाशी घेणंदेणं वाटत नाही. खातं एका शाखेतून दुसऱ्या शाखेत गेलं, पण मागची शिल्लक पुढे ओढलीच नाही, असा हा प्रकार आहे.

हिला घरी आणल्यावर मी सांगलीला मेहुण्यांना फोन केला. सासूबाईंची जुनी ट्रंक अजून माळ्यावर होती. तीत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांनी नातीची पत्रिका जपून ठेवली होती. जन्मवेळ मिनिटापर्यंत, नक्षत्र, चरण, सगळं. आणि पत्रिका करायला वेळ कुठून घेतली, तर दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावरून, म्हणून ते कार्ड त्याच पिशवीत. पिवळं पडलेलं. वरच्या बाजूला जन्मवेळ, तिला लाल पेन्सिलीने गोल केलेला. त्याच्या दोन ओळी खाली बीपी १७०/११०, लघवीत अल्ब्युमिन, पुढे तीन अधिकची चिन्हं. त्या ओळींना कुणी गोल केला नव्हता.

गेल्या वर्षी आपल्या कट्ट्याच्या आरोग्य शिबिरासाठी फॉर्म छापले, तेव्हा मी आग्रह धरून त्यात एक ओळ वाढवली. बाळंतपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा फार कमी वजनाचं होतं का. फॉर्म घरोघरी वाटले आणि परत आले. बघतो तर बऱ्याच ठिकाणी ती ओळ पुरुषी अक्षरात भरलेली. उत्तर काय, हे तुम्ही ओळखलंच असेल. निरंक! मला माझंच अक्षर दिसल्यासारखं झालं. मग महिला मंडळाच्या भगिनी दुसऱ्यांदा जिन्याजिन्यातून फिरल्या, बायकांना बसवून विचारलं. तेव्हा उत्तरं बदलली. कुणाचं बाळ काचेच्या पेटीत होतं, कुणाला सातव्या महिन्यापासून झोपून राहायला सांगितलं होतं, एका आजींना झटके आले होते आणि घरच्यांनी बाहेरचं म्हणून अंगारा लावला होता. त्या आजी म्हणाल्या, "पन्नास वर्षांत मला हे कुणी विचारलंच नाही." नाव सांगत नाही. त्या आज इथे आहेत.

आता करायचं काय, ते फार अवघड नाही. ज्यांच्या बाळंतपणात यातलं काही झालं असेल त्यांनी वर्षातून एकदा बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावं, वय काहीही असो, काही होत नसलं तरी. बीपीचा आजार दुखत नाही, तोच त्याचा कावा आहे. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी विचारलं नाही तर आपण सांगावं. लोणचं-पापड मी सांगायची गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी ऐकत नाही. मीही नाही.

तरुण मुलींसाठी थोडं जास्त. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, तोंड-हात सुजणं, बरगडीखाली दुखणं, यातलं काही गरोदरपणात झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. 'पहिल्या खेपेला येतेच' हे वाक्य ऐकायचं नाही, सांगणारी आजी कितीही प्रेमळ असो. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यातही बीपी उसळू शकतं, त्यामुळे घरी आलो म्हणजे सुटलो असं नाही. आधीच्या वेळी त्रास झाला असेल तर पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्याच्या आतच डॉक्टरांना सांगा. अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी वेळेत सुरू केली तर धोका कमी होतो, पण ती त्यांनीच द्यायची, आपण दुकानातून आणायची नाही. आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या मुलींपैकी कुणी गरोदर असेल तर तिला सांगा, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते. आणि तेवढ्यासाठी तिला सुट्टी द्या, पगार न कापता.

सरकारी दवाखान्यात मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड बाळाच्या लसीसाठी घरोघर जपलं जातं. त्याच कार्डात आईचं दर भेटीचं बीपी, वजन, लघवीची तपासणी असते. त्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. आणि नवरे मंडळींनो, तुमच्या मोबाइलमध्ये नको, तिच्या मोबाइलमध्ये.

सेक्रेटरींनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवली आहे. तेवढं सांगून थांबतो. ते फॉर्म या वर्षी पुन्हा छापले आहेत. सोसायटीच्या ऑफिसात संध्याकाळी ६ ते ८ मिळतील. 'स्वतः भरावा' असं वर ठळक छापलंय. आमच्या घरचा फॉर्म या वेळी हिने भरला. मी वाचायला मागितला, तर म्हणाली, सही करून झाली आहे.

चहा तयार आहे. बिनसाखरेचा डावीकडच्या किटलीत.